उरलेला गाभा

शफीराने बापाच्या पायांतल्या वहाणा काढल्या आणि अदलाबदल करून पुन्हा बांधल्या. डावी उजव्या पायात गेली होती. म्हातारा तशीच घालून दारापर्यंत जाऊन आला होता, आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"जरा लवकर चला, याकीमबाबा," दारात उभा असलेला हनमएल म्हणाला. पन्नाशीला टेकलेला कुंभार तो, पण आज त्याचा चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा झाला होता. "इम्माने कालपासून काही घेतलं नाहीये. शुद्धीत आहे, पण एकच धोशा लावलाय. याकीमला आणा, गाभा ऐकल्याशिवाय मी हलायची नाही."

"येतो, येतो," याकीम म्हणाला. "तू हो पुढे. तुझ्या आईला म्हणावं, इतकी वर्षं थांबलीस, आता घटकाभर थांब."

हनमएलला एवढ्यातही हसू आलं. तो गेला. त्याच्या पावलांचा आवाज गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत याकीम ताठ बसून होता. मग त्याने लेकीचा दंड धरला आणि हळूच विचारलं,

"कोण होता गं हा?"

"हनमएल, अब्बा. कुंभार. तबिथामावशीचा मुलगा."

"अस्सं. आणि जायचंय कोणाकडे?"

वहाणेचा बंद शफीराने उगाचच पुन्हा एकदा ओढून पाहिला.

आमच्या कोखबात नावाला फार मान आहे. यार्देन नदीच्या पूर्वेला, काळ्या दगडाच्या घरांचं हे आमचं गाव. वाडवडील यरुशलेम सोडून इथे आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. बरोबर आणलं ते नियमशास्त्र, नासरेथच्या गुरूची शिकवण आणि आपापली नावं. बाकी काही नव्हतंच, म्हणून आम्ही स्वतःला 'गरीब' म्हणवतो. यहुदी आम्हाला बाटगे म्हणतात, ग्रीक ख्रिस्ती आम्हाला अडाणी म्हणतात, आणि पवित्र भोजनात द्राक्षारसाच्या जागी आम्ही पाण्याचा प्याला उचलतो म्हणून दोघे मिळून हसतात. एरवी त्यांचं एकमेकांशी पटत नाही. आमच्या निमित्ताने का होईना, एकत्र हसतात बापडे.

तर नाव. तबिथा म्हणजे हरिणी, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण ती झाली वरची साल. प्रत्येक नावाच्या आत एक गाभा असतो, आणि तो त्या एका माणसापुरता असतो. गावात चार तबिथा असल्या तर चौघींचे गाभे चार. बाराव्या वर्षी वाहत्या पाण्यात बुडी मारून माणूस वर आलं, की गाभेकरी त्याच्या कानाशी तोंड नेऊन तो सांगतो. एकदाच. पुढे जन्मभर तो कुणापाशी बोलायचा नाही, नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. लिहून ठेवायचा तर नाहीच. मग मरणाच्या दारात गाभेकरी पुन्हा येतो आणि तोच गाभा पुन्हा कानात सांगतो. कारण शेवटल्या दिवशी हाक येईल ती बाहेरच्या नावाने येणार नाही. एका नावाचे हजार मेलेले असतात, त्यांतलं कोण उठणार? हाक येईल गाभ्याने, आणि तो ज्याच्या कानात ताजा असेल तोच उठेल.

याकीम गेली चाळीस वर्षं गाभेकरी होता. त्याच्या आधीच्या गाभेकऱ्याने एका हिवाळ्यात, नांगरामागे चालता चालता, साऱ्या गावाचे गाभे त्याच्याकडून पाठ करून घेतले होते. नंतर जन्मलेल्यांचे त्याने स्वतः शोधले. एकेका नावावर तो दिवसच्या दिवस विचार करत बसायचा, आणि सापडला की शेतातून धावत घरी यायचा. बायकोला सांगता तर यायचं नाही, मग नुसताच तिच्यासमोर उभा राहून हसायचा. शफीराला आईची जी थोडी आठवण होती, त्यात हे हसणं होतं.

गेली दोन वर्षं तो विसरत चालला होता. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. मसुरीच्या कालवणात तीनदा मीठ पडायचं. मेलेल्या शेळीला चारा ठेवला जायचा. पण म्हातारा हुशार. कोणी काही विचारलं, की डोळे बारीक करून तो उलट विचारायचा, "तुला काय वाटतं?" लोक विचारात पडायचे, आपलंच उत्तर घेऊन घरी जायचे आणि वाटेत याकीमच्या शहाणपणाचं कौतुक करायचे. उरलंसुरलं शफीरा सांभाळून घ्यायची. रस्त्याने कोणी येताना दिसलं, की ओठ न हलवता त्याचं नाव पुटपुटायची. नवरा गेल्यावर ती बापाकडे परतली होती, आणि बापाची लाज राखणं हेच आता तिचं काम झालं होतं.

एका गोष्टीचा मात्र तिला आधार होता. या दोन वर्षांत गावात तिघं गेली. तिघांच्याही उशाशी याकीम गेला, कानाशी वाकला, आणि तिघंही हसत गेली. म्हणजे बाकी सगळं गळालं तरी गाभे शाबूत आहेत, देवाने तेवढे राखले आहेत, असं ती स्वतःची समजूत घालायची.

सभेचा प्रमुख जक्कय तेवढ्यावर गप्प बसणारा नव्हता. मंडपांच्या सणात त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वल्हांडणाच्या सणाच्या आत बापाला म्हणावं, गाभे कुणाच्या तरी हवाली कर. होत नसेल, तर सभेत उभं राहून तसं सांग. हे चालवून घेण्यासारखं नाही, शफीरा. एक माणूस जरी चुकीचा गाभा घेऊन गेला, तर तो कायमचा मातीत राहील. आणि ते तुझ्या बापाच्या डोक्यावर."

आणि आता बोलावणं आलं होतं ते तबिथाचं. आई गेली तेव्हा शफीरा नऊ वर्षांची होती. तिच्या केसांना तेल लावणारी, तिला ताप आला की पायाशी बसून राहणारी, तिच्या लग्नात सगळ्यांत मोठ्याने गाणारी तबिथा. गावाची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिने कापलेली. ती मातीत राहून गेली तर?

"तबिथामावशीकडे जायचंय, अब्बा," ती म्हणाली. "तिचा गाभा आठवतोय ना तुम्हाला?"

याकीमने डोळे बारीक केले.

"तुला काय वाटतं?" तो म्हणाला.

---

जैतुनाची झोडणी चालू होती. वाटेवरच्या मळ्यातून काठ्यांचे आवाज येत होते. त्या दोघांना बघून बायका काठ्या थांबवत होत्या, कारण गाभेकरी कामाच्या दिवशी असा निघाला म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. याकीम प्रत्येकीला मान लवून नमस्कार करत होता. एकीलाही त्याने ओळखलं नव्हतं, हे फक्त शफीराला माहीत होतं.

तबिथाचं घर गावाच्या टोकाला, चढावर. आत दहा-बारा माणसं दाटीवाटीने उभी होती आणि जक्कय त्यांच्यामध्ये हात बांधून होता. तबिथा उशीला टेकून बसली होती. तिची आता मूठभर हाडं उरली होती, पण डोळे तल्लख होते.

"आलास?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या आधी तूच जाऊन बसतोस."

"चढावर घर बांधायला तुला कुणी सांगितलं होतं?" याकीम धापा टाकत म्हणाला. "माणूस पोहोचेपर्यंतच मरायचा."

सगळे हसले. अब्बांनी ओळखलं हिला, शफीराला वाटलं. ओळखलं असणार.

"चला, व्हा बाहेर," तबिथा म्हणाली. "शफीरा राहील."

जक्कय पुढे झाला. "असा नियम नाही, तबिथा. गाभेकरी आणि जाणारा, दोघंच."

"नियम मला शिकवतोस? पायाळू जन्मलास तू, मीच ओढून काढलाय तुला. तेव्हापासून तुझं सगळं उलटंच. याचा वाकताना तोल जातो, दिसत नाही का? पडला माझ्या अंगावर, तर गाभा राहील बाजूला आणि बरगड्या मोडतील. पोरगी धरेल त्याला."

"मग तिने कान झाकावेत."

"झाकेल की."

माणसं बाहेर गेली. हनमएलने खांदा लावून दगडी दार लोटलं. आणि मग, रिवाजाप्रमाणे, बाहेरून सगळ्यांनी मोठमोठ्याने स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. आतला शब्द चुकूनसुद्धा कुणाच्या कानी पडू नये म्हणून हे स्तोत्र. ते सुरात म्हणायचं नसतं, नुसतं मोठ्याने म्हणायचं असतं, आणि आमचे लोक ते मनापासून पाळतात.

याकीम वाकला. शफीराने मागून त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं. आता कान झाकायला तिसरा हात कुठून आणायचा? ती मान दुसरीकडे वळवून उभी राहिली.

म्हातारा काही बोलेना. बाहेरचं स्तोत्र एकदा संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तिच्या हातांखाली त्याचं पोट वरखाली होत होतं. आठवत नाहीये, शफीराला कळलं, यांना काही आठवत नाहीये. तिने डोळे गच्च मिटले.

मग याकीम बोलला. आवाज स्पष्ट होता, कित्येक महिन्यांत नव्हता इतका.

"डोंगर चढून आलेल्याला जी आधी पाणी देते आणि मग त्याचं नाव विचारते, ती तू."

शफीराने सुटकेचा श्वास सोडला. इतका नेमका, इतका घडीव शब्द. हा कुणाला ऐन वेळी सुचणारा नव्हे, हा पाठच असणार. तिने तबिथाकडे पाहिलं. तबिथा म्हाताऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग ती हसली, अगदी पोटातून आल्यासारखी हसली.

"ऐकला, याकीम," ती म्हणाली. "फार छान सांगितलास." तिने त्याचा हात आपल्या कपाळाला लावून घेतला. "शफीरा, याला मागच्या अंगणात अंजिराखाली बसव. पुढचं दार उघडू नकोस एवढ्यात. ओरडू देत त्यांना. तू परत ये, माझे पाय गार पडलेत."

---

शफीरा परत आली आणि पायाशी बसून तेल चोळू लागली. मनातून ती इतकी हलकी झाली होती, की आपण कुठे बसलो आहोत याचाही तिला क्षणभर विसर पडला.

"तो माझा नव्हता," तबिथा म्हणाली.

शफीराचे हात थांबले.

"तो तुझ्या आईचा होता. शलामसियोनचा."

"असं कसं? तुला काय माहीत आईचा..." शफीराने विचारलं.

"चोळत राहा. हात थांबवू नकोस, थंडी वाजते." तबिथाने डोळे मिटून घेतले. "सतरा वर्षांच्या होतो आम्ही. विहिरीवर. दोर ओढता ओढता तिने मला तिचा सांगितला आणि मी तिला माझा. पाप केलं. मग इतक्या घाबरलो, की आठ दिवस एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं नाही. नवव्या दिवशी तीच आली. म्हणाली, झालं ते झालं, आता निदान एकमेकींच्या हाका तरी ओळखू येतील."

शफीरा रडू लागली. लपवायचाही तिने प्रयत्न केला नाही.

"मावशी, तुझा मला सांग. मी अब्बांना सांगते, ते येऊन पुन्हा..."

"आणि त्याला कळू दे, की तो चुकला? खुळी आहेस का?"

"मग तू मातीत राहणार? अब्बांमुळे?"

"ऐक," तबिथा म्हणाली. "मला माझा गाभा पाठ आहे. साठावर वर्षं रोज सकाळी मनात म्हणतेय, तो विसरेन होय? तो ऐकायला मी याकीमला बोलावलाच नव्हता. तुझ्या आईचा ऐकायला बोलावला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"बार्जिल्लई गेला ना, जक्कयचा भाऊ, तेव्हा शेवटी त्याला पाणी पाजायला मी होते. एवढा रेड्यासारखा माणूस, हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणाला, तबिथा, सत्तर वर्षं पुरुष म्हणून जगलो आणि मरताना याकीमने मला बाई केलं. शब्द नाही सांगितले त्याने, नियमाचा पक्का होता. पण म्हणाला, यात पाणी आहे आणि एक बाई आहे, आणि बाई भली दिसते, तेव्हा मी काही बोललो नाही. मी तिथेच ओळखलं."

"आणि बाकीची दोघं?"

"तीही हसतच गेली ना? त्यांचं त्यांना कळलं असणार. चाळीस वर्षं ज्याने गावाचे कान सांभाळले, त्याला तोंडावर कोण सांगणार, बाबा रे, तू रिकामा झालास म्हणून? मरणाऱ्याला तेवढी माया असते गं. जगणाऱ्यांचं अवघड."

बाहेर स्तोत्र चौथ्यांदा सुरू झालं. घसे बसत चालले होते.

"पण हाक?" शफीरा म्हणाली. "हाक आली तर तू कशी उठशील?"

"शलामसियोनला येईल तेव्हा उठेन. पाणी आणायला आम्ही कधी एकट्या गेलो नाही, उठायला कशाला एकटी जाऊ? मागून बार्जिल्लई येईल, ती दोघं येतील. वरचा विचारेल, एका हाकेला एवढी माणसं कशी उठली? मग तुझी आई सांगेल त्याला. आधी पाणी घे म्हणेल, नावांचं मागून बघू." ती दमली होती, पण तिला हसू आवरत नव्हतं. "आणि नाहीच उठवलं आम्हाला, तर ती एकटी पुढे जाणार नाही. तू लहान होतीस, तुला तुझ्या आईचा हट्ट माहीत नाही."

शफीराने तिचे पाय पदरात घेऊन छातीशी धरले.

"आता कान इकडे आण," तबिथा म्हणाली. "माझा तुझ्याजवळ ठेव."

"मी काय करू त्याचं?"

"तुझ्या बापाचा गाभा कुणाला माहीत आहे? ज्याने सांगितला तो मरून चाळीस वर्षं झाली. त्याला स्वतःलाही आता आठवत नसणार. त्याच्या वेळी कोण जाईल कानाशी? तो सगळ्यांना वाटून मोकळा झाला, त्याला कुणीच नको का?" तिने शफीराचं डोकं खाली ओढलं. "माझा त्याला दे."

"बाईचा गाभा?"

"बार्जिल्लईला चालला की नाही?"

आणि तिने तो सांगितला. तबिथाचा गाभा इथे लिहायचा नाही, आमच्यात ते पाप आहे. शलामसियोनचा सांगितला, तो एव्हाना एकटीचा राहिला नव्हता म्हणून.

---

दुपारच्या आत तबिथा गेली आणि ऊन कलायच्या आत तिला मातीत ठेवलं. परतताना जक्कयने शफीराला गाठलं. याकीम पुढे हनमएलच्या खांद्यावर हात ठेवून चालला होता.

"आत तू होतीस," जक्कय म्हणाला. "सरळ सांग. बरोबर सांगितला त्याने?"

आमच्यात शपथ घेत नाहीत. होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, एवढीच शपथ. शफीराने पदराची गाठ हातात घट्ट धरली.

"तिला जो ऐकायचा होता, तो तिने ऐकला," ती म्हणाली. "आणि ती हसली."

जक्कय थांबला. पुढे चाललेल्या याकीमच्या पाठीकडे त्याने पाहिलं.

"माझा भाऊही हसला होता," तो म्हणाला. "इतका हसला, की मी दाराबाहेर स्तोत्र म्हणता म्हणता थांबलो." त्याने दाढीवरून हात फिरवला. मग त्याच्या नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाला, "त्याचा तोल जातो, हे खरं आहे. यापुढे कुणाचंही बोलावणं आलं, तर आत तूच जात जा त्याच्याबरोबर. दोन्ही हातांनी धरत जा."

"आणि वल्हांडणाची मुदत?"

"वल्हांडणाला भाकरी खाऊ," जक्कय म्हणाला आणि झपझप पुढे गेला.

---

घरी आल्यावर शफीराने परातीत कोमट पाणी घेतलं आणि बापाचे पाय धुवायला बसली. कबरीवरची काळी माती बोटांच्या बेचक्यांत अडकली होती. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं.

"कुठे गेलो होतो आज आपण?" याकीमने विचारलं.

"तबिथामावशीकडे."

"गाभा सांगितला का मी तिला?"

"सांगितलात, अब्बा."

मग पाण्याकडे बघत तो चोरी कबूल करावी तसा म्हणाला,

"एकच उरलाय गं."

शफीराने वर पाहिलं नाही.

"बाकीचे गेले. रोज चाचपून बघतो, एकेक करून गेले सगळे. एवढा एकच जात नाही. तो कोणाचा, तेही आठवत नाही. डोकं फोडून घेतलं तरी आठवत नाही. पण आहे कोणाचा तरी. कोणीतरी त्याची वाट बघत असणार ना? म्हणून जो बोलावतो त्याच्या कानात तोच सांगतो. कधीतरी ज्याचा असेल त्याला मिळेल." त्याने मान वर केली. "मिळाला असेल का गं?"

त्याची पावलं शफीराने दोन्ही हातांत धरून ठेवली होती.

"मिळाला, अब्बा," ती म्हणाली. "सगळ्यांत आधी तिलाच मिळाला. तुम्हीच दिलात."

"नक्की?"

"हो."

याकीमने मान हलवली. त्याचे खांदे खाली आले, चेहरा मोकळा झाला. 'ती कोण' हे त्याने विचारलं नाही. शफीराने त्याचे पाय पुसले आणि परात बाहेर नेऊन आपल्या दारातल्या अंजिराच्या बुंध्याशी ओतली. तिथे भिंतीला टेकून ती जरा उभी राहिली. दिवसभराचं रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मग तोंडावरून पदर फिरवून ती आत आली.

म्हातारा उठून रांजणाशी गेला होता. प्याला बुडवून, सांडत सांडत, तो तिच्यापर्यंत आला आणि दोन्ही हातांनी त्याने तो तिच्या पुढे धरला.

"दमलेली दिसतेस," तो म्हणाला. "लांबून आलीस वाटतं. घे, पाणी पी."

शफीराने प्याला घेतला आणि पाणी प्यायली. तो समोर उभा राहून, ती शेवटचा घोट घेईपर्यंत थांबला. मग त्याने अगदी आपुलकीने विचारलं,

"तुझं नाव काय, पोरी?"

तिने प्याला खाली घेतला. त्याच्या दाढीत अजून थोडी काळी माती होती. ती तिने बोटाने झटकली.

"शफीरा," ती म्हणाली.

"चांगलं नाव आहे," याकीम म्हणाला. "बस. घाई नाही."